पानदानाच्या झाकणाचा दिवा

हमीदाच्या सुनेचा, शबानाचा फोन दुपारी आला. "खाला, अम्मी..." एवढंच म्हणून ती थांबली. तिच्या मागे कुकरची शिट्टी वाजत होती. "शबाना, आधी गॅस बंद कर," मी म्हणाले. आता लिहिताना ते विचित्र वाटतं, पण त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. ती जाऊन गॅस बंद करून आली. मग तीच म्हणाली, "सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, चष्मा काढून ठेवला... अन् मग उठल्याच नाही." चष्मा काढून ठेवला हे ऐकून मला बरं वाटलं. हमीदा कुठलंही काम अर्धवट टाकून उठणाऱ्यांतली नव्हती.

ईशा, आदित्य, या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तुम्ही दोघांनी तिकडून विचारलंत, "आजी, तू बरी आहेस ना?" मी हो म्हणाले, ते खरंच आहे. पण हमीदाआजी म्हणजे तुम्हाला फक्त दोनदा भेटलेली, पांढऱ्या ओढणीतली एक म्हातारी. आदित्यला तिने विचारलेलं आठवत असेल, "हे जोडे कुठून आले रे बाबा?" आदित्य म्हणाला, मॉलमधून. "अन् मॉलमंदी कुठून?" मग कारखाना निघाला, मग बंदर, मग जहाज, मग रबराचं झाड, आणि शेवटी आदित्य वैतागून म्हणाला, "आजी, मी अनवाणी जातो!" तेव्हा ती किती हसली होती. तो तिचा खेळ नव्हता. आयुष्यभराची सवय होती, आणि ती कुठून लागली ते माझ्याशिवाय सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. म्हणून क्रमाने सांगते.

माझे वडील, आप्पा, आरमोरीच्या हायस्कुलात हेडमास्तर होते. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, सगळाच चांदा जिल्हा. गावात वीज नव्हती. भाताची बांधी, तलाव, आठवड्याचा बाजार आणि बाजाराच्या तोंडाशी टिनकाम करणाऱ्या करीमचाचांचं दुकान. दुकान म्हणजे एक छप्पर, एक ऐरण आणि रॉकेलच्या रिकाम्या डब्यांची उतरंड. चौकोनी, पत्र्याचे, परदेशी कंपनीची छाप असलेले ते डबे तुम्ही पाहिलेले नाहीत. भरलेला डबा किराणा दुकानदाराचा, रिकामा झाला की चाचांचा. त्याला कापून, ठोकून, जोडाला कथलाचा डाग देऊन ते रॉकेलच्या चिमण्या करत, गाळण्या, नरसाळी, धान्याची मापं, पेट्या, अगदी कोंबड्यांची खुराडीसुद्धा. आमच्या घरच्या चिमणीच्या पोटावर इंग्रजी अक्षरं उलटी आलेली होती. ती वाचायला मान वाकडी करावी लागे. हमीदा ही चाचांची एकुलती एक मुलगी. ती म्हणे, "मी इंग्रजी शाळेत नाई शिकली वं, डब्यावर शिकली. तुमची एबीसीडी सरळ, माझी वाकडी."

तिची आई ती लहान असतानाच गेली होती. आईची म्हणून घरात एकच वस्तू होती, तांब्याचं पानदान. झाकणावर कोरीव वेल आणि मधोमध एक मोठं फूल. चाचा पान खात नसत, तरी ते दर शुक्रवारी चिंचेने घासून लख्ख करत. त्याला हात लावायची हमीदालाही परवानगी नव्हती.

मॅट्रिकच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. पहिल्या बाकावर आप्पांनी आम्हाला शेजारी बसवलं आणि आम्ही तशाच राहिलो, पुढची साठ-पासष्ट वर्षं. ती मला "हेडमास्तरीण" म्हणून चिडवायची, मी तिला "टिनपाट". आम्हाला शिकायचं होतं. माझ्या शिकण्याला कोणाची हरकत नव्हती. तिचं शिकणं मात्र चाचांच्या हातोडीवर चालत होतं. हातोडी वाजत होती तोवर "पढ ले बेटी, पढ ले." कामठीला चाचांचे थोरले भाऊ होते. ते दर ईदला विचारत, पोरगी मोठी झाली, इकडे कधी आणतोस? आणि चाचा हसून विषय बदलत.

छप्पन सालचा तो हिवाळा. आमचा भाग नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, शाळेतल्या नकाशावर आप्पांनी सीमा पेन्सिलीने बदलून घेतली होती. आणि रॉकेल मिळेनासं झालं. आधी दुकानदार डबा देईना, मग बाटली देईना, मग नुसता हात हलवायला लागला. "कालवा बंद हाय म्हणते," तो सांगे. कुठला कालवा? गावातल्या लोकांना तलावाचा पाट माहीत होता. तो बंद झाला तर धान वाळतं, दिवा कसा विझेल?

आप्पांकडे नागपूरहून इंग्रजी वर्तमानपत्र शिळं होऊन यायचं. ते वाचून त्यांनी एक दिवस भूगोलाच्या तासाला जगाचा नकाशा टांगला आणि सुएझ कालव्यावर छडी ठेवली. इजिप्तने कालवा आपल्या ताब्यात घेतला, त्यावरून लढाई झाली, कालव्यात जहाजं बुडवली गेली आणि वाट बंद पडली. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. हमीदाने डोलावली नाही. ती उठून नकाशाजवळ गेली आणि इराणच्या आखातापासून मुंबईपर्यंत बोट फिरवलं.

"गुरुजी, आपलं तेल तं इकून येते ना? सरळ. या कालव्यातून येतच नाई. मंग तो बंद झाला तं आपलं काऊन अडून राह्यलं?"

आप्पा खूश झाले की ते छडी काखेत धरत. त्यांनी ती धरली. "वैनगंगेचा जवळचा घाट बंद पडला तर गाड्या काय करतात?"

"लांबून जाते. दुसऱ्या घाटानं."

"मग त्या दिवसांत तुझ्या अब्बांना गडचिरोलीहून पत्रा आणायला गाडी मिळते?"

हमीदा विचार करत उभी राहिली. तिच्या भुवया जवळ यायच्या तेव्हा तिच्याकडे बघत राहावंसं वाटे. "नाई मिळत," ती सावकाश म्हणाली. "अब्बाले नदी वलांडाची नसते, तरी नाई मिळत. सगळ्या गाड्या लांबच्या फेऱ्यात अडकते... म्हंजे जहाजं कमी पडले! विलायतेचं तेल आफ्रिकेच्या खालून चाल्लं, अन् आपल्यासाठी जहाजच नाई."

मागून कोणीतरी पोरगं ओरडलं, "मंग विलायतेवाल्याईले म्हणा, चिमणी इझवून झोपा!" वर्ग हसला, आप्पाही हसले. हमीदा मात्र जागेवर येऊन बसली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "हासा तुम्ही. तिकडे भांडन त्याईचं, अन् डबे आमचे बंद."

ईशा, तू ऊर्जा-धोरणात पदवी घेतलीस, त्या विषयाचा माझा पहिला तास हा असा झाला. तो समजायला मला डोकं खाजवावं लागलं. हमीदाला तो घरी गेल्यावर चुलीपाशी दिसत होता. तेल नाही म्हणजे रिकामे डबे नाहीत. डबे नाहीत म्हणजे चाचांना काम नाही. उतरंड खाली खाली येत गेली आणि एक दिवस बाजारातून जाताना माझ्या लक्षात आलं की हातोडीचा आवाजच नाही. चाचा ऐरणीपाशी बसून दोरी वळत होते. मला पाहून म्हणाले, "हेडमास्तर साहेबाले सांगजो, करीम आता कामठीले चालला. तिथी भाऊच्या बिडीच्या कारखान्यात काम भेटते म्हणते." हमीदा आतून ओरडली, "मॅट्रिक झाल्याबिगर मी नाई जात!" चाचा दोरी वळत राहिले. कामठीला गेलं की मॅट्रिक नाही, निकाह. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. परीक्षा मार्चमध्ये होती.

आप्पा चाचांशी जाऊन बोलले. "मुलगी माझ्या घरी राहील, परीक्षा होईपर्यंत," असं म्हणाले. चाचांनी त्यांना स्टूल दिलं, चहा पाजला आणि हात जोडले. "गुरुजी, तुमचा उपकार हाय. पन पोरगी दुसऱ्याच्या घरी ठेवून बाप गेला, असं नाई होत आमच्यात." आप्पांनाही ते पटलं असावं. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

अशात शेजारच्या गावचे पाटील दुकानात आले. संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या गावात शंकरपट असे. दिवसा बैलांच्या शर्यती आणि दिवस मावळला की मोकळ्या बांधीत नाटक. आमच्या झाडीपट्टीत नाटकाशिवाय पट म्हणजे मिठाशिवाय वरण. पण गॅसबत्त्यांना रॉकेल नव्हतं. पाटील म्हणाले, "करीमभाऊ, घरोघरी टोरीचं तेल हाय. त्याच्यावर चालन असे दिवे करून द्या. जुने डबे आमी गावातून गोळा करून देतो." मोहाच्या फळातल्या बीला टोरी म्हणतात. बायका ती वेचून, फोडून, तेल काढून ठेवत. खायला तेच, अंगाला तेच, दिव्यालाही तेच. म्हणजे रॉकेल यायच्या आधी दिव्याला तेच होतं.

चाचांनी दोरी टाकली आणि कातर उचलली. त्या आठवड्यात हातोडी पुन्हा वाजली. हमीदा शाळेतून आली की वाती वळायला बसे आणि मी इतिहास मोठ्याने वाचून दाखवी. दिवे देखणे झाले. उंच मान, निमुळती नळी, मागे उजेड फेकायला चकचकीत पत्रा. दुपारच्या उन्हात चाचांनी एकेक पेटवून पाहिला. सगळे झकास जळले. "हे दिवे चालले," हमीदा मला म्हणाली, "तं गावोगावचे लोक मागन. मंग कशाले जाते कामठीले!"

आम्ही सगळे नाटकाला गेलो. आप्पांची धाबळी आम्ही दोघींनी मिळून पांघरली होती. थंडी कडाक्याची होती. पडदा उघडला, दिवे लावले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि चाचा मागे उभे राहून मिशीतल्या मिशीत हसत होते. राम बोलू लागला आणि कडेचा एक दिवा मिणमिणत गेला. मग दुसरा. लोक उठून वात पुढे करत, पण दिवे एकामागून एक विझत चालले. अंधारातून एकजण ओरडला, "अबे, राम कोनता अन् रावन कोनता, सांगा तरी!" दुसरा म्हणाला, "सीतेले हात नोका लावू कोनी!" हशा पिकला. आमच्या शेजारच्या एका म्हातारीने कपाळावर हात मारला. "टोरीचं तेल थंडीत गोठते, हे का लेकराले सांगा लागते? अवं बाई, त्याले इतकी लांब मान कशाले केली?"

ते सगळ्यांना माहीत होतं. चाचांनाही माहीत होतं. दर हिवाळ्यात त्यांच्याच घरी तेलाची बरणी चुलीशी ठेवत. आमच्या आजीच्या काळच्या मातीच्या पणतीला मानच नसायची, ज्योत तेलाला टेकूनच जळायची. पण वीस वर्षं ज्या हातांनी रॉकेलचे दिवे घडवले, त्या हातात टिनाचा डबा आला की तो रॉकेलचाच दिवा घडवत होता. पातळ तेलाची, वर सहज चढणाऱ्या तेलाची सवय. हमीदा पुढे शिक्षिका झाली तेव्हा वर्गात हे नेहमी सांगे. म्हणे, तेल गेलं तरी त्याचा आकार हातात राहते.

त्या दिवशी मात्र तिने असं काही म्हटलं नाही. नाटक कोणीतरी जपून ठेवलेल्या रॉकेलच्या कंदिलावर कसंबसं पुरं झालं. चाचा घरी गेले आणि सकाळी त्यांनी सामान बांधायला काढलं. मी गेले तेव्हा हमीदा अंगणात विझलेले दिवे मांडून बसली होती. रडली असावी, पण मला पाहून म्हणाली, "एक दिवा नाई इझला. पाह्यला का तू? पेटीवाल्यापाशीचा." मी पाहिला नव्हता. तिने तो हातात घेतला. त्याची मान डाग सुटून आत घसरली होती आणि ज्योत पोटाशी टेकली होती. तो पहाटेपर्यंत जळला होता, पोटातलं तेल अजून पातळ होतं.

"याले ऊब लागली," ती म्हणाली. "मान छोटी पाह्यजे. अन् ज्योतीची ऊब खाली तेलात नेणारं काहीतरी पाह्यजे. टिन नाई चालत, टिन लवकर थंडं होते. तांबं पाह्यजे."

तांबं घरात एकच होतं.

मी तिच्या मागोमाग आत गेले, कारण तिने माझा हात धरला होता आणि सोडला नव्हता. तिने फळीवरून पानदान उचललं, चाचांच्या समोर बांधलेल्या बोचक्यावर ठेवलं आणि झाकण काढून त्यांच्या हातात दिलं. "अब्बा, काटो."

चाचांनी झाकणाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "हे तुझ्या अम्मीचं हाय."

"माहीत हाय ना. अम्मी असती तं तिनं कामठीले जाऊ देलं असतं का मले?"

मला वाटलं, आता ते ओरडतील. त्यांनी ओढणीसारखा खांद्यावर टाकलेला गमछा हातात घेतला आणि झाकण पुसलं. पुसलेलंच होतं ते... पुन्हा पुसलं, वेलीवरून बोट फिरवलं. मग ऐरणीपाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "कातर कुठी ठेवली तू? बांधून टाकली का सामानात?" हमीदाने बोचकं सोडलं. सगळंच सोडलं, कपडेसुद्धा बाहेर काढले, कातर वरच असूनही.

पहिला दिवा संध्याकाळपर्यंत झाला. बुटका, बेढब, बेडकासारखा बसका. वातीला बिलगून एक तांब्याची पट्टी वर यायची आणि खाली तेलात बुडायची. चाचांनी तो रात्रभर अंगणात थंडीत ठेवला आणि पहाटे गोठलेल्या तेलानिशी पेटवला. आधी ज्योत नुसती कुरकुरली. मग पट्टीच्या भोवती तेलाचं एक छोटं कडं पारदर्शक झालं, ते रुंदावलं आणि ज्योत सरळ झाली. हमीदा शाळेत येऊन मला म्हणाली, "सुमन, जळला वं!" आणि आप्पांनी प्रार्थना चालू असताना बोलल्याबद्दल आम्हाला दोघींना बाहेर उभं केलं.

पाटलांनी ते दिवे घेतले, मग इतर गावांनी. झाकण संपल्यावर चाचांनी फुटक्या हंड्यांचं तांबं मिळवलं. कामठीचं नाव पुन्हा निघालं नाही. उन्हाळ्यात रॉकेल परत आलं आणि बाजारात डब्यांची उतरंडही. त्या बेडकासारख्या दिव्यांचं कौतुक तेवढ्यापुरतंच होतं. पण मार्चची परीक्षा त्याच्या आधी होऊन गेली होती. आम्ही दोघी पास झालो. भूगोलात ती माझ्या पुढे होती आणि हे तिने मला मरेपर्यंत विसरू दिलं नाही.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत आहे. मी नागपूरला इंग्रजी शिकवलं, तिने चांद्याला भूगोल. दर वर्षी पहिल्या तासाला ती टेबलावर एक वस्तू ठेवून विचारे, हे कुठून आलं? कोळशाचा खडा, लोखंडी खिळा, बांबूची टोपली आणि कागदाचा ताव शेजारी शेजारी. आमच्या भागात या प्रश्नाच्या उत्तरांसाठी लांब जायची गरज नसते. कोळसा पायाखाली, लोखंड डोंगरात, बांबू दारात. "मुलांनो," ती म्हणे, "कुठून आलं हे सोपं हाय. कुठी चाल्लं ते विचारा."

ती उतारवयात मुलाकडे राहायला गेली, चंद्रपूरजवळ वीजकेंद्राच्या वसाहतीत. मुलगा तिथेच नोकरीला. मागच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले होते, तीच आमची शेवटची भेट. ईशा, तू तेव्हा व्हिडिओ कॉलवर आलीस आणि तिला सरळच विचारलंस, "हमीदाआजी, कोळसा बंद करायला हवा की नको?" तुझ्या परिषदांमध्ये दोन्ही बाजूंनी ओरडा चालतो असं तू म्हणालीस. तिने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट तुझ्यासमोर धरलं. "हे माझ्या पोराच्या पगाराचं काजळ हाय, बेटा. मी त्याले वाईट कशी म्हनू? पन दिवा नागपुरात लागते, मुंबईत लागते, अन् काजळ इथच्या खिडकीवर बसते. तुमी तिथी बसान तं एवढंच विचारजा, उजेड कोनाकडे अन् काजळ कोनाकडे. अन् बंद करान तं आधी दुसरा दिवा करून ठेवजा. आमचा दिवा एकदा नाटकात इझला होता." तू हसलीस, तुला वाटलं, ती काहीतरी गंमत सांगते आहे. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "तिले सांगजो कधीतरी." मी म्हटलं, तूच सांग, ती इकडे आली की. हमीदा म्हणाली, "नाई, तू सांग. तुले सगळं लायनीत सांगता येते. मी सुरू केलं की बाजारातच फिरत राह्यते."

म्हणून हे लायनीत सांगितलं.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर शबानाने तो दिवा माझ्या हातात दिला. पहिला दिवा, जो हमीदाने कधी विकू दिला नव्हता. त्यात तेल होतं, कारण ती टोरीचं तेल कुठून कुठून मागवून तो भरलेला ठेवायची. नागपूरला थंडी पडली आहे आणि तेल गोठून पिवळसर पांढरं झालं आहे. आज पहाटे मी तो पेटवला. पेटवायच्या आधी हमीदा तांब्याच्या पट्टीवरून अंगठा फिरवायची, तसा फिरवला. अंगठ्याला कोरीव काम लागलं. चाचांची कातर झाकणाच्या बरोबर मधून गेली होती, आणि पट्टीवर त्या मोठ्या फुलाच्या अर्ध्या पाकळ्या आहेत. उरलेलं अर्धं फूल दुसऱ्या कुठल्यातरी दिव्यावर, वैनगंगेच्या काठच्या कुठल्यातरी घरात गेलं. ते कोणाच्या फळीवर आहे, की कधीच मोडीत गेलं, मला माहीत नाही. ज्योत थोडा वेळ कुरकुरली. मी खुर्ची जवळ ओढून बसले आणि पट्टीच्या भोवती तेल पातळ होण्याची वाट पाहू लागले.